लव्हेंडरचा सुगंध आणि बशीतले पाणी

मनुष्यस्वभावाचा एक धर्म असा आहे की, दोन उपायांपैकी एक श्रमाचा व दुसरा सुखाचा असला, तर सुखाच्या उपायावर त्याचा विश्वास अगोदर बसतो. आणि त्या उपायाला 'नैसर्गिक' हे विशेषण लागलेले असले, म्हणजे तर प्रमाण मागण्याचीही त्यास आवश्यकता वाटत नाही. डासांच्या निवारणार्थ लव्हेंडर नामक सुगंधी वनस्पतीची जी वाखाणणी अलीकडे घरोघरी ऐकू येते, तिच्याविषयी चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे. हा लेख दुसऱ्या कोणाच्या चुकीवर बोट ठेवण्यासाठी लिहिलेला नाही. तो आमच्या स्वतःच्या चुकीतून जन्मास आला आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

लव्हेंडर ही मूळची भूमध्यसमुद्राभोवतालच्या डोंगराळ प्रदेशातील वनस्पती. आपली तुळस, सब्जा व पुदिना ज्या कुळातील, त्याच कुळात वनस्पतिशास्त्रज्ञ हिची गणना करतात. फ्रान्स देशाच्या प्रोव्हान्स प्रांतातील हिची जांभळी शेते प्रसिद्धच आहेत. आपल्या देशातही जम्मूकडील डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या थंड डोंगरी खोऱ्यात, मक्याऐवजी लव्हेंडरची लागवड करून अनेक शेतकऱ्यांनी आपली स्थिती सुधारली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या 'अरोमा मिशन'ने त्यांस रोपे व मार्गदर्शन पुरविले, लोकांनी या उद्योगास 'जांभळी क्रांती' असे नाव दिले, आणि २०२२ साली तेथे लव्हेंडरचा उत्सवही भरला. हिच्या फुलांच्या तुऱ्यांतून वाफेच्या साहाय्याने तेल काढतात. त्यात लिनलूल व लिनलिल ॲसिटेट हे दोन पदार्थ मुख्य असतात. यांपैकी लिनलूल आपल्या स्वयंपाकघरातील धन्यांतही विपुल असते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सारांश, वनस्पती गुणी आहे, तिचा वास मनास प्रसन्न करणारा आहे व तिच्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेव्हा तिची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, डासांपासून आपले रक्षण करण्याचे जे काम आपण तिच्याकडे सोपवितो, ते तिच्याने कितपत होते?

याचा विचार करण्यापूर्वी डास आपणांस कसा शोधून काढतो हे पाहिले पाहिजे. चावते ती फक्त मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील सत्त्वाची गरज असते. आपल्या श्वासाबरोबर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू तिला दुरून कळतो. जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि घामातील लॅक्टिक आम्लादि पदार्थांचा गंध तिला वाट दाखवितो. उग्र वासाचे काही पदार्थ त्वचेवर असले, तर तिच्या या गंधज्ञानात घोटाळा होतो. लव्हेंडरच्या तेलात असा गुण काही अंशी आहे, हे प्रयोगशाळेत दिसून आलेले आहे. म्हणजे लोक बोलतात ते अगदीच निराधार नाही.

परंतु येथेच विचारी मनुष्याने थांबून दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: हा गुण टिकतो किती वेळ? सुगंधी तेलाचा सुगंध आपल्या नाकापर्यंत येतो, याचा अर्थच ते तेल उडून जात आहे. ज्या गुणामुळे ते आपणांस आवडते, त्याच गुणामुळे ते त्वचेवर टिकत नाही. फ्रॅडिन व डे या दोघा संशोधकांनी २००२ साली अमेरिकेत निरनिराळ्या डासप्रतिबंधक द्रव्यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत 'डीट' नामक रासायनिक द्रव्याचे सुमारे २४ टक्के प्रमाण असलेल्या औषधाने सरासरी ३०० मिनिटांवर संरक्षण दिले. सिट्रोनेला, म्हणजे आपल्या गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल, ज्यांत मुख्य होते, अशा औषधांचा प्रभाव बहुतेक २० मिनिटांच्या आतच ओसरला. आणि मनगटात बांधावयाच्या औषधी पट्ट्यांचा तर उपयोगच झाला नाही. सोयाबीनच्या तेलाचे एक औषध मात्र दीड तास टिकले. यावरून वनस्पतिज द्रव्ये सरसकट टाकाऊ ठरत नाहीत. पण 'उपयोग होतो' हे वाक्य 'किती वेळ' या शब्दांवाचून अपुरे आहे, हे उघड होते. वसतिगृहातील मुलगा रात्री नऊ वाजता निजतो व पहाटे पाच वाजता उठतो. वीस मिनिटांच्या पहारेकऱ्यावर आठ तासांची रात्र सोपविणे शहाणपणाचे होईल काय?

आणि ही झाली तेलाची गोष्ट. कुंडीतील जिवंत रोपाची गोष्ट तर याहूनही दुबळी आहे. रोपाच्या पानांत व तुऱ्यांत तेल सूक्ष्म पिशव्यांत कोंडलेले असते. पाने चुरगळल्यावाचून त्याचा पुरता वास सुटत नाही. खिडकीत कुंडी ठेवली म्हणजे खोलीभोवती जणू एक अदृश्य तट उभा राहतो, ही समजूत कवीस शोभेल. डासास तिची दाद नाही. शिवाय हे झाड कोरड्या थंड हवेचे व निचऱ्याच्या जमिनीचे. कोकणपट्टीचा किंवा घाटाखालचा पावसाळा त्यास मानवत नाही. मुळे कुजून ते मरते, आणि मरते तेही नेमके डासांच्या हंगामात.

हे सर्व आज आम्ही इतक्या ठामपणे लिहीत आहो. पण २०२३ च्या मे महिन्यात आम्हांस त्याची पर्वा नव्हती. आमच्या देखरेखीखालील वसतिगृहाच्या खिडक्यांच्या जाळ्या त्या वेळी जागोजाग फाटल्या होत्या व त्या बदलण्यासाठी थोडी रक्कम बाजूस ठेविली होती. इतक्यात कोणी आम्हांस लव्हेंडरविषयी सांगितले. ओसरीवर जांभळी फुले फुलली आहेत, मुलांच्या खोल्यांत मंद सुवास दरवळत आहे आणि डास दूर पळाले आहेत, असे एक रम्य चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. जाळ्या पुढच्या वर्षी बदलू असे ठरवून त्या पैशांतून आम्ही रोपवाटिकेतून बारा कुंड्या आणविल्या व तेलाच्या काही बाटल्याही घेतल्या. फरशीवर मातीचे डाग पडतात अशी झाडणाऱ्या बाईंची तक्रार आली, म्हणून प्रत्येक कुंडीखाली प्लास्टिकची एक बशी ठेविली. मुलांच्या प्रार्थनेनंतर आम्ही त्या वनस्पतीच्या गुणांवर पंधरा मिनिटे भाषणही केले. मुले कौतुकाने ऐकत होती. शिक्षकाच्या शब्दावर मुलांचा किती विश्वास असतो, हे आठवले म्हणजे आज मान खाली जाते.

जुलै संपेपर्यंत बहुतेक रोपे काळवंडली. कुंड्या मात्र होत्या तेथेच राहिल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलास फणफणून ताप भरला. डोळ्यांच्या मागे व सांध्यांत असह्य वेदना, मग अंगावर पुरळ. रक्त तपासले तो डेंग्यू निघाला. पाठोपाठ आणखी दोघे आजारी पडले. ते दोघे लवकर सावरले. परंतु पहिल्या मुलाच्या रक्तातील बिंबिका झपाट्याने उतरल्या व त्यास आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्याची आई शेतमजुरी करणारी. ऐन भांगलणीची रोजी बुडवून ती माउली गावाहून आली आणि रुग्णालयाच्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने आम्हांस विचारले, "गुरुजी, डासांसाठी तुम्ही झाडं लावली होती ना? पोरगं फोनवर सांगत होतं." तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता; तिला खरोखरीच कळत नव्हते. आम्हांस उत्तर देता आले नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. आरोग्य विभागाचा एक कर्मचारी वसतिगृह तपासावयास आला. त्याने हौद पाहिला, गच्ची पाहिली, आणि शेवटी ओसरीवर येऊन एका कुंडीखालची बशी हळूच ओढून उन्हात धरली. बोटभर पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या आम्हांस चष्म्यावाचूनही दिसल्या. बारा बशांपैकी सातांत त्या होत्या. तो गृहस्थ हसला नाही, रागावलाही नाही, इतकेच म्हणाला, "सर, ही झाडं डास हाकलत नाहीत, पाळतात." त्या मुलास चावलेला डास त्याच बशीत जन्मला, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही, परंतु तो तेथला नव्हताच, असे म्हणण्याचेही धैर्य आम्हांस नाही. मुलगा बरा झाला व आता दहावीची परीक्षा देऊन पुढे गेला आहे. आमच्या मनातली ती बशी मात्र अजून रिकामी झालेली नाही.

आमच्यासारखीच चूक जगात पूर्वीही झाली आहे, हे पुढे वाचनात आले. फ्रेंचांनी १८८१ साली पनामाचा कालवा खणावयास घेतला. तेथील त्यांच्या रुग्णालयाची बाग सुंदर होती. पण मुंग्या फुलझाडे खातात म्हणून झाडांभोवती पाण्याची भांडी मांडलेली असत, आणि पलंगांवर मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगांचे पायही पाण्याच्या वाट्यांत ठेवीत. त्या पाण्यात डास वाढत व पीतज्वराच्या आणि हिवतापाच्या रोग्यांना चावून शेजारच्या खाटांवरील माणसांस तोच प्रसाद देत. हजारो माणसे दगावली आणि १८८९ साली तो उद्योग बुडाला. १९०४ साली अमेरिकेने ते काम हाती घेतले, तेव्हा डॉक्टर गॉर्गस यांनी साचलेले पाणी काढून टाकणे, काढता येत नाही तेथे त्यावर तेल ओतणे व घरांस जाळ्या लावणे हा क्रम धरला. आणि १९१४ साली कालव्यातून जहाजे जाऊ लागली. तथापि फ्रेंचांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, तो दिवस २० ऑगस्ट १८९७ चा. त्यापूर्वी पाण्याची वाटी व मनुष्याचा मृत्यू यांचा संबंध सर्वांस ठाऊक नव्हता. फ्रेंचांस अज्ञानाची सबब होती; आम्हांस ती नाही. जो धडा आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवीत होतो, तोच आमच्या ओसरीवर आम्ही विसरलो.

आपल्या मुंबईचा इतिहासही हेच सांगतो. डॉक्टर बेंटली यांनी तेथील हिवतापाचा तपास करून १९११ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात शहरातील विहिरी हे हिवताप पसरविणाऱ्या डासांचे माहेरघर असल्याचे दाखवून दिले. विहिरींशी लोकांच्या धर्मभावना निगडित असल्यामुळे त्या बुजविण्यास व झाकण्यास पुष्कळांचा विरोध झाला. तरी पुष्कळ विहिरी बंद झाल्या किंवा झाकल्या गेल्या. तो मार्ग कटकटीचा व लोकांस न रुचणारा होता, पण रोगाच्या मुळास भिडणारा होता. घरोघर अत्तर वाटणे अधिक लोकप्रिय झाले असते, यात शंका नाही.

यावर कोणी म्हणेल की, हे गृहस्थ वनौषधींच्या विरुद्ध दिसतात व रसायनांचा पक्ष घेतात. तसे नाही. डास मारण्याच्या उदबत्तीचा उगमच मुळी एका फुलात आहे. शेवंतीच्या नात्यातील पायरेथ्रम नामक झाडाच्या फुलांची भुकटी घालून जपानात प्रथम ती करू लागले. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध चीन देशातील एका वनस्पतीपासून मिळाले. तू योयो या विदुषींनी जुने ग्रंथ धुंडाळले, त्यांतील एका उल्लेखावरून अर्क उकळून न काढता कमी उष्णतेत काढून पाहिला, १९७२ साली त्यातून शुद्ध द्रव्य वेगळे केले गेले, आणि २०१५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ज्ञानाचा याहून मोठा सन्मान कोणता? परंतु तो सन्मान त्यांनी कसा केला, हे पाहावे. 'पूर्वजांनी सांगितले' म्हणून त्या थांबल्या नाहीत, की 'पूर्वजांना काय कळते' म्हणून त्यांनी ग्रंथ फेकून दिला नाही. त्यांनी तो कसोटीस लावला. वनस्पतीवर खरे प्रेम करणारा मनुष्य तिची परीक्षा घेतो. आम्ही केवळ तिची जाहिरात केली.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हाही एक भ्रमच आहे. लव्हेंडरचे शुद्ध तेल तसेच अंगास चोळल्याने नाजूक त्वचेची आग होते. हवेत उघडे राहून जुने झालेल्या तेलातील लिनलूलचे जे रूपांतर होते, त्याने कित्येकांच्या अंगावर चट्टे उठतात. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केल्याने डास काही वेळ हटतात, पण बंद खोलीतला तो धूर लहान मुलाच्या छातीस अपाय करतो. उलटपक्षी लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तयार केलेले एक द्रव्य चाचणीत उतरले असून तीन वर्षांवरील मुलांस ते लावण्यास तज्ज्ञांची संमती आहे. म्हणजे भेद नैसर्गिक व कृत्रिम असा नसून, पारखलेले व न पारखलेले असा आहे.

मग करावयाचे तरी काय? डासाचे अंडे ते पूर्ण डास हा प्रवास आपल्याकडील उन्हाळी-पावसाळी उष्म्यात आठ-दहा दिवसांत पुरा होतो. यास्तव आठवड्यातून एक दिवस घरातील प्रत्येक भांडे, पिंप, फुलदाणी, शीतकपाटामागील तबकडी व कुंडीखालची बशी रिकामी करून कोरडी केली, तर ती साखळी मध्येच तुटते. नुसते पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेस चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून आतून घासले पाहिजे. जे पाणी काढता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत; हौदास घट्ट झाकण असावे; छपरावरील जुने टायर, नारळाच्या करवंट्या व फुटके डबे हलवावेत. खिडकीस धड जाळी व निजताना मच्छरदाणी असावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून शाळेच्या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा बरा, आणि अंगास लावावयाचे औषध चाचणीत उतरलेलेच घ्यावे. यांतील एकाही गोष्टीस सुगंध नाही, हे आम्ही कबूल करतो.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. सुगंधी तेलाची बाटली ज्यास परवडते तो ती घेतो व आपण सुरक्षित झालो असे समजतो. आवाराच्या भिंतीपलीकडे ज्या वस्तीत नळास दोन दिवसांआड पाणी येते, तेथील बाईस मात्र पिंपे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तिच्या पिंपावर झाकण नाही, याचा दोष तिला देणे सोपे आहे. पण पाणी रोज आले असते, तर पिंप लागलेच नसते. डास फार दूर उडत जात नाही, परंतु एक भिंत ओलांडण्याइतके पंख त्यास असतात. शेजाऱ्याचे अंगण ओले असता आपण अत्तर लावून बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, यातलाच प्रकार. नगरपालिकेकडे नियमित पाण्याची व वाहत्या गटारांची मागणी करणे हाही डासांवरील उपायच आहे, आणि तो प्रत्येक नागरिकाच्या आवाक्यातला आहे.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या वसतिगृहाच्या खिडक्यांस आता नव्या जाळ्या आहेत. दर शनिवारी सकाळी न्याहारीपूर्वी नववीची मुले हातात घासणी घेऊन आवारभर फिरतात व काय काय पालथे केले त्याची नोंद वहीत करतात. त्या बारा कुंड्यांत आम्ही गवती चहा लाविला आहे. डासांसाठी नव्हे, थंडीत काढा करण्यासाठी. कुंड्यांखाली बशा नाहीत. फरशीवर डाग पडतात, आणि ते पुसावयाचे काम आम्ही स्वतःकडे ठेविले आहे. तुमच्यापैकी कोणास शिक्षकाने, वडील मंडळींनी अथवा जाहिरातीने एखादा गोड उपाय सांगितला, तर त्यांचा मान राखून, पण न भिता, इतके अवश्य विचारा: याने होते काय, किती वेळ होते, आणि हे पाहिले कोणी? आमच्या त्या पंधरा मिनिटांच्या भाषणात एखाद्या मुलाने उठून हे तीन प्रश्न विचारले असते, तर एका माउलीस रुग्णालयाच्या पायरीवर बसावे लागले नसते. वर्गात असा प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी आमचे शिकविणे थोडे तरी सार्थकी लागले असे आम्ही समजू.